लॅपटॉप आधी काट्यावर

आमच्या घरात हुकाचा एक छोटा डिजिटल काटा आहे. अम्मींना उमऱ्याला घेऊन गेलो त्या वर्षी घेतलेला. परतताना खजूर, जानमाज, तस्बीह, नातेवाइकांसाठी अत्तरे असे करता करता बॅगा फुगतात आणि विमानतळावर चारचौघांत त्या उघडून सामान इकडचे तिकडे करावे लागते. ते टाळण्यासाठी हा काटा. त्यानंतर तो कपाटात पडून होता. परवा पुन्हा बाहेर निघाला, तो आमच्या भाचीच्या खांद्यामुळे.

भाची सीए करते आहे. शिवाजीनगरच्या एका फर्ममध्ये तिची आर्टिकलशिप सुरू आहे. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, असे फर्मने पहिल्याच दिवशी सांगितले. घरात तिच्या भावाचा कॉलेजातला साडेपंधरा इंची लॅपटॉप होता, तोच ती नेऊ लागली. कोंढव्यातून बसने स्वारगेट, तिथून मेट्रो. आठवड्यातले दोन-तीन दिवस फर्मऐवजी थेट पिंपरीकडच्या एखाद्या कारखान्यात ऑडिट. बसमध्ये जागा मिळाली तर नशीब, नाहीतर बॅग पाठीवरच. चार महिन्यांत मान आखडू लागली, उजवा खांदा रात्री झोपू देईना. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारले, "बॅग किती किलोची आहे?" आपा म्हणाली, "असेल तीन-चार किलोची." डॉक्टर म्हणाले, "अंदाजाने सांगू नका, तोलून या."

त्या संध्याकाळी आम्ही काटा घेऊन आपाच्या घरी गेलो. बॅग जशी दारातून आत आली तशीच हुकाला लावली. काटा म्हणाला ६.२१ किलो.

कोणालाच खरे वाटेना. दुल्हाभाई टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत हिशेब लिहितात, त्यांना मापाच्या बाबतीत कोणावरच भरवसा नसतो. ते म्हणाले, "काटाच खोटा असेल." हा आक्षेप रास्त होता. मग खालच्या किराणा दुकानातून एक किलो साखरेचे बंद पाकीट आणून हुकाला लावले, काट्याने पिशवीसकट १.०१ दाखवले. काटा खरा निघाला. (ज्यांना घरी असा काटा वापरायचा असेल त्यांनी ही परीक्षा आधी घ्यावीच. आणि शंका असली तर सरळ किराणा दुकानात जावे. तिथल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि तो ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून घ्यावा लागतो.)

मग बॅगेतली एकेक चीज काढून तोलली. लॅपटॉप २ किलो १८० ग्रॅम. चार्जर, त्याची जाड वायर आणि तीन पिनांचा प्लग धरून ४६० ग्रॅम. स्टीलची भरलेली बाटली १ किलो ३५०. रिकामी बॅग ९५०. डबा ७२०. फायली, छत्री, पाऊच मिळून ५५०. मुलीचे स्वतःचे वजन ४७ किलो. केंद्र सरकारने २०२० मध्ये शाळेच्या दप्तराचे धोरण काढले, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे असे सांगितले आहे. तो नियम शाळकरी मुलांसाठी, आर्टिकलशिपच्या मुलींसाठी असे कुठलेच धोरण नाही. पण तोच हिशेब लावला तर तिची बॅग ४ किलो ७०० ग्रॅमच्या आत हवी होती. ती दीड किलोने जास्त होती.

नवा लॅपटॉप घ्यायचा असे त्याच बैठकीत ठरले. पैसे किती लावायचे यावर मात्र ठरले नाही. दुल्हाभाईंनी मन मोठे करून सांगितले, "जो सर्वांत हलका असेल तो घ्या." मुलीला घरची परिस्थिती माहीत होती, ती म्हणाली, "अब्बा, माझा स्टायपेंड किती आणि लॅपटॉप कितीचा?" शेवटी बेत ठरला तो जुन्या बिझनेस लॅपटॉपचा.

हा बिझनेस लॅपटॉप म्हणजे काय, ते आधी सांगतो. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरदारांसाठी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा मालिकांतली यंत्रे शेकड्यांनी घेतात. तीन-चार वर्षांनी ती बदलली जातात आणि जुनी यंत्रे व्यापाऱ्यांकडे येतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा यांच्या पुण्यात अशा मालाला तोटा नाही. ही यंत्रे दिसायला साधी, काळी-करडी, पण कीबोर्ड चांगला, बिजागऱ्या मजबूत, स्क्रू काढून बॅटरी-डिस्क बदलता येते आणि सुटे भाग मिळतात. नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा असा जुना बिझनेस लॅपटॉप आम्ही कधीही पसंत करू. मात्र त्याचे वजन कागदावरून कळत नाही, आणि आमची खरी मेहनत तिथेच झाली.

कंपनीच्या माहितीपत्रकात वजनाच्या रकान्यात एक शब्द असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. '१.३६ किलोपासून', '१.४८ किलोपासून'. हा 'पासून' महत्त्वाचा. एकाच नावाचा लॅपटॉप दहा प्रकारे बनवून मिळतो. लहान बॅटरी किंवा मोठी, साधा पडदा किंवा टचचा, झाकण कार्बन फायबरचे किंवा ॲल्युमिनियमचे, सिमकार्डची सोय असलेला किंवा नसलेला, एक डिस्क किंवा दोन. यांतला सर्वांत हलका, बहुधा सर्वांत लहान बॅटरीचा जो असेल त्याचे वजन छापले जाते. तळटीपेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की रचनेनुसार आणि उत्पादनानुसार वजन बदलेल. खोटे काहीच नाही. घराण्यातल्या सर्वांत सडपातळ भावाचा फोटो दाखवून स्थळ सांगावे आणि निकाहाला दुसराच भाऊ उभा राहावा, तसे आहे हे. दुल्हाभाईंना आम्ही हे समजावले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे जळाऊ लाकूड कोरडं दाखवतात आणि ओलं तोलतात, तसंच की!"

कुरआनात माप कमी देणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. इथे माप कमी दिलेले नाही, उलट जास्तच पदरात पडते. तरीही फसल्यासारखे वाटते, कारण गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात ते हलकेपणाचे.

यातला सर्वांत मोठा हिस्सा बॅटरीचा. लॅपटॉपच्या बॅटरीची ताकद वॉट-अवरमध्ये मोजतात, आणि ढोबळ हिशेब असा की एक किलो बॅटरीत सुमारे २०० वॉट-अवर मावतात. म्हणजे दर २० वॉट-अवरमागे १०० ग्रॅम. २०१८ साली आलेला थिंकपॅड टी४८० आजही जुन्या बाजारात खूप विकला जातो. त्याला मागे काढता-घालता येणारी बॅटरी असते, ती २४ वॉट-अवरचीही मिळते आणि ७२ चीही. या दोन बॅटऱ्यांत वरच्या हिशेबाने पाव किलोच्या आसपास फरक पडतो. मोठी लावली की लॅपटॉपचा तळ मागून चक्क उचलला जातो. दोन्ही यंत्रांच्या झाकणावर नाव एकच.

जुन्या मालात आणखी गंमत असते. तीन-चार वर्षांत कोणी रॅम वाढवलेली असते, कोणी जुन्या पद्धतीची अडीच इंची फिरती हार्ड डिस्क टाकलेली असते. ती एकटीच शंभर ग्रॅमच्या जवळ जाते, तर नवी चपटी एसएसडी दहा ग्रॅमचीही नसते. त्यामुळे जुना लॅपटॉप घेताना कंपनीचा आकडा फक्त ओळखीपुरता. खरा आकडा समोरच्या यंत्राचा.

आम्ही मामा-भाची काटा आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर पडलो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात दोन दुकाने पाहिली, कॅम्पात एक. पहिल्या दुकानात लॅपटॉप पिशवीत घालून हुकाला लावला तर दुकानदार हसायलाच लागला. "काका, कांदे आहेत का हे?" आम्ही म्हणालो, "कांदे असते तर तुम्हीच तोलून दिले असते." तो चांगला माणूस होता. पुढचे दोन लॅपटॉप त्याने स्वतःच हुकाला लावून दाखवले आणि आकडे पाहून स्वतःच चकित झाला. इतकी वर्षे धंदा करून त्याने एकही लॅपटॉप कधी तोलला नव्हता.

तीन यंत्रांची गोष्ट सांगतो. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक जुने यंत्र वेगळे आणि दोष कंपनीचा की मधल्या हातांचा हे आम्हाला ठरवता येणार नाही.

पहिला सडपातळ, देखणा. किंमत ४६,००० रुपये. माहितीपत्रकात १.३६ किलोपासून. काट्यावर १.५५. पडदा टचचा होता, बॅटरी मोठी होती, सिमकार्डची खाच होती. म्हणजे सगळे दागिने घातलेला.

दुसरा थोडा जाड. ३१,००० रुपये. कागदावर १.६ किलोपासून. काट्यावर १.६६. हा जवळजवळ साध्यातला साधा प्रकार होता, म्हणून कागदाच्या जवळ राहिला. कागदावर या दोघांत २४० ग्रॅमचा फरक दिसत होता, काट्यावर उरला ११०. एका बऱ्यापैकी केळ्याएवढ्या वजनासाठी १५,००० रुपये.

तिसऱ्याने आम्हाला बुचकळ्यात टाकले. २७,००० रुपये, कागदावर १.४८ पासून, आणि काट्यावर १.३७! भाची आनंदली. आम्हीही क्षणभर आनंदलो. मग दुल्हाभाईंचा स्वभाव आठवला. सर्वांत हलक्या प्रकाराचेच वजन कंपनीने छापलेले असताना त्याहून ११० ग्रॅम हलका लॅपटॉप कुठून येणार? काहीतरी कमी असणारच. भाचीने तिथेच विंडोजमध्ये कमांडची काळी खिडकी उघडून बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली (पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश, मग बॅटरीरिपोर्ट असे सलग). यंत्र एक फाइल तयार करते, तिच्यात बॅटरी मुळात किती क्षमतेची आहे आणि आज किती भरते हे दोन्ही आकडे असतात. त्या मॉडेलला ५० वॉट-अवरची बॅटरी असायला हवी होती. रिपोर्टमध्ये मूळ क्षमताच २८ लिहिलेली. कोणीतरी बाहेरची, कमी सेलची बॅटरी बसवली होती. दुकानदाराला हे माहीत होते की नव्हते, आम्ही विचारले नाही.

तेव्हापासून आमचे मत झाले आहे की जुना लॅपटॉप कागदापेक्षा जड भरला तर कारण शोधावे, आणि हलका भरला तर दुप्पट शोधावे. याच्याबरोबर टचपॅड वर उचलले गेले आहे का, खालचे झाकण फुगले आहे का, तेही पाहावे. फुगलेल्या बॅटरीचे यंत्र फुकट दिले तरी घरात आणू नये.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. विक्रीच्या पानावर 'वस्तूचे वजन' म्हणून जो आकडा असतो तो कधी लॅपटॉपचा असतो, कधी खोक्यासकट. अडीच-तीन किलो लिहिलेले पाहून घाबरू नका आणि १.२ वाचून हुरळू नका. खोके आल्यावर त्यावर तरी वजन असेल असे वाटते. आम्ही भाचीच्या मैत्रिणीकडच्या नव्या लॅपटॉपचे खोके पाहिले. किंमत होती, बनवल्याचा महिना होता, तक्रारीचा नंबर होता आणि निव्वळ प्रमाणापुढे लिहिले होते '१ नग'. कायद्याने एवढे पुरते, कारण ही वस्तू नगावर विकली जाते. पाव किलो बिस्किटांच्या पुड्यावर ग्रॅमचा हिशेब आणि लाख रुपयांच्या यंत्रावर एक नग!

आता चार्जर. माहितीपत्रकातल्या वजनात चार्जर कधीच धरलेला नसतो. पण भाचीला तो रोज न्यावा लागतो, कारण ऑडिटला सकाळी बसले की संध्याकाळीच उठणे. दुसऱ्या लॅपटॉपबरोबर मिळणारा ६५ वॉटचा चार्जर वायरीसकट ३४० ग्रॅम भरला. त्यात चार्जरच्या विटेएवढीच जड ती काळी जाड वायर आणि तिच्या टोकाचा तीन पिनांचा प्लग. सुदैवाने तो लॅपटॉप टाइप-सी छिद्रातून चार्ज होणारा होता. आम्ही गॅलियम नायट्राइडचा लहान चार्जर घेतला, तेवढ्याच ६५ वॉटचा. तो आणि त्याची बारीक वायर मिळून १६० ग्रॅम. खर्च २,००० रुपयांच्या आत. १८० ग्रॅम कमी झाले. म्हणजे पहिल्या लॅपटॉपसाठी १५,००० जास्त देऊन जेवढे वजन उतरले असते त्याहून जास्त.

हा सौदा प्रत्येकाला जमणार नाही. जुन्या गोल पिनेच्या लॅपटॉपला हा चार्जर चालत नाही. फोनचा २० वॉटचा चार्जर लावला तर यंत्र कुरकुरते किंवा चार्जच होत नाही. वायरही तेवढा भार वाहणारी हवी. चार्जरवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यावा. रस्त्यावरचा तीनशे रुपयांचा चार्जर तीस हजारांच्या यंत्राला लावू नये, एवढे कळायला सीए व्हायची गरज नाही.

दुसरा लॅपटॉप घेतला. दुल्हाभाई दोन दिवस नाराज होते. मुलीला हलके घेऊन द्यायचे म्हणून त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते आणि आम्ही कंजुषी केली असे त्यांना वाटत होते. बापाचे मन आहे. आपाने त्यांच्यासमोर दोन ताटल्यांत एक मोठे केळे आणि १५,००० रुपये ठेवले. ते हसले, पण अजूनही कोणी पाहुणा आला की, "तो पातळवाला घ्यायचा होता," असे म्हणतातच. आणि खरे सांगायचे तर सर्वच बाबतींत ते चूक नाहीत. ज्याला रोज विमानाने फिरायचे आहे आणि हातातल्या सामानाची मर्यादा सात किलोची आहे, त्याला ११० ग्रॅमसुद्धा मोलाचे. नव्या यंत्रांत तर फरक खूपच मोठा असू शकतो. २०२२ चा तेरा इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे, आणि सोळा इंची मॅकबुक प्रो दोन किलोच्या वर जातो. तिथे हलक्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ आहे. शेजारीशेजारी असलेल्या दोन मॉडेलांत मात्र आधी काटा काढावा.

एकेकाळी हे सगळे बोलणेच हास्यास्पद ठरले असते. १९८१ मध्ये ऑसबर्न १ नावाचा संगणक 'सोबत नेता येणारा' म्हणून विकला गेला, त्याचे वजन ११ किलोच्या आसपास होते. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा लोक थक्क झाले. तो होता १.३६ किलोचा. आज तेवढ्या वजनाच्या लॅपटॉपला दुकानदार 'मिडियम' म्हणतो.

बाकीची बॅगही बदलली. ९५० ग्रॅमच्या, नको तेवढ्या कप्प्यांच्या बॅगेऐवजी ६०० ग्रॅमची आली. बाटली लहान केली, ऑफिसात पाणी मिळते. डब्याला मात्र आपाने हात लावू दिला नाही. तो ७२० चा तसाच राहिला. फायली निवडून ४०० ग्रॅमवर आणल्या. पुन्हा हुकाला लावले, ४.३९ किलो. डॉक्टरांना आकडा सांगितला, त्यांनी दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यायला सांगितले आणि काही व्यायाम दिले. खांदा पूर्ण बरा झालेला नाही. झोप मात्र लागते. मागच्या आठवड्यात एका कारखान्याने तिच्या हाती स्टॉक रजिस्टरे दिली आणि त्या दिवशी बॅग पुन्हा साडेपाच किलोवर गेली. तिने ती अर्ध्या वाटेत सहकाऱ्याला वाटून दिली म्हणे.

त्या सहकाऱ्यानेही आता नवा लॅपटॉप पाहायला घेतला आहे. त्याने भाचीकडून काटा मागून नेला. आपाच्या शेजारच्या खाला पुढच्या महिन्यात उमऱ्याला निघाल्या आहेत, त्यांनाही तो हवा आहे, आणि तो अजून परत आलेला नाही.